‘मुंबई शहर उत्तर’ हा लोकसभा मतदारसंघ आता कुठे गेला आणि १९५२ मध्ये बाबासाहेब तिथून का पडले?

आपण प्रश्नाच्या शेवटी लिहिले आहे की, ‘अडाणी मतदारांनी दोन्ही मते एकाच पेटीत टाकली म्हणून डॉ. आंबेडकर हरले, असे ऐकले आहे.’ मतदारसंघ कुठे गेला ते सांगतोच, पण मी हे उत्तर लिहायला बसलो तो त्या एका वाक्यामुळे. त्या ‘अडाणी मतदारां’मध्ये माझी आजी होती.

पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत मुंबई शहर उत्तर हा द्विसदस्य मतदारसंघ होता. देशात असे एकूण ८६ मतदारसंघ होते. एकाच मतदारसंघातून दोन खासदार निवडले जात आणि मुंबई शहर उत्तरमध्ये त्यांतली एक जागा अनुसूचित जातींसाठी राखीव होती. प्रत्येक मतदाराला दोन मते असत. बेटाच्या उत्तरेकडचा कामगारवस्तीचा मोठा भाग त्यात येत असल्यामुळे लढत साहजिकच चुरशीची झाली. काँग्रेसकडून सर्वसाधारण जागेसाठी विठ्ठल बाळकृष्ण गांधी आणि राखीव जागेसाठी नारायण सदोबा काजरोळकर उभे होते. समाजवादी पक्षाचे अशोक मेहता आणि शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे बाबासाहेब यांची युती होती. कम्युनिस्ट पक्षातर्फे कॉ. डांगे स्वतः उभे होते.

तेव्हा मतपत्रिकेवर शिक्का मारायचा नसे. एक रुपयाच्या नोटेएवढा कागद हातात मिळे आणि पडद्यामागे प्रत्येक उमेदवाराची चिन्ह डकवलेली स्वतंत्र पेटी ठेवलेली असे. आपल्या उमेदवाराच्या पेटीत कागद टाकला की मतदान झाले. आमच्या मतदारसंघात असे दोन कागद मिळत आणि ते दोन वेगवेगळ्या पेट्यांत टाकायचे असत.

आमचे कुटुंब नायगावच्या बीडीडी चाळीत राहत होते. आजीचे धाकटे दीर, ज्यांना आम्ही सगळे आप्पा म्हणत असू, ते फेडरेशनचे तरुण कार्यकर्ते होते. मतदानाच्या आधीच्या आठवड्यात त्यांनी तेलाचे दोन रिकामे डबे आणले, एकावर खडूने हत्ती काढला, दुसऱ्यावर झाड काढले आणि चाळीतल्या बायकांना संध्याकाळी व्हरांड्यात बसवून वर्तमानपत्राच्या चिठ्ठ्या टाकण्याचा सराव करून घेतला. ‘एक चिठ्ठी हत्तीला, एक झाडाला’ हे त्यांचे वाक्य आजीला शेवटपर्यंत पाठ होते. हत्ती फेडरेशनचा, झाड समाजवाद्यांचे. आजीने सराव व्यवस्थित केला. प्रत्यक्ष मतदानाच्या दिवशी मात्र तिने दोन्ही कागद एकत्र घडी करून हत्तीच्या पेटीत टाकले आणि घरी येऊन तसे सांगितलेही. मी तिला अनेकदा विचारले की, तू गोंधळलीस का? तिचे उत्तर कधी बदलले नाही: “गोंधळले नव्हते. झाड माझं कोण लागतं? माझ्याकडे दोन होत्या, दोन्ही बाबांना दिल्या.”

निकाल लागला आणि बाबासाहेब पडले. त्या दिवसापासून आप्पा तिला म्हणत, “वहिनी, तुमच्यासारख्या बायकांनी दोन-दोन चिठ्ठ्या एका पेटीत टाकल्या म्हणून बाबा पडले.” रागाच्या भरात एकदा बोलून गेले असते तर मी आज ते उगाळले नसते, पण चाळीस वर्षे, सणासुदीला, पाहुण्यांसमोर, माझ्या आईच्या देखत ते हेच बोलत राहिले. आजी उलटून बोलत नसे. सहा डिसेंबरला आम्ही चैत्यभूमीच्या रांगेत उभे राहत असू, तेव्हा ती माझे मनगट घट्ट धरून चालायची आणि समोर पोहोचल्यावर हात जोडून ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटायची. ती माफी मागत असे, हे मला फार उशिरा कळले. ती १९९४ मध्ये गेली, त्या अपराधाचे ओझे घेऊनच गेली.

मी निकालाचे आकडे पाहिले ते त्यानंतर काही वर्षांनी. विठ्ठल गांधी १,४९,१३८, अशोक मेहता १,३९,७४१, काजरोळकर १,३८,१३७, बाबासाहेब १,२३,५७६ आणि डांगे ९६,७५५. राखीव जागेवर बाबासाहेब १४,५६१ मतांनी मागे पडले, तर सर्वसाधारण जागेवर मेहता ९,३९७ मतांनी.

आता कायदा काय होता ते पाहा. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यानुसार एका मतदाराने आपली दोन्ही मते एकाच उमेदवाराला दिली, तर त्यांतले एक मोजायचे आणि दुसरे बाद करायचे. म्हणजे माझ्या आजीचे एक मत बाबासाहेबांना मिळालेच आणि बाद झाले ते दुसरे. ते दुसरे मत तिने नियमाप्रमाणे टाकले असते तर ते कोणाला गेले असते? झाडाला, म्हणजे अशोक मेहतांना. बाबासाहेबांच्या खात्यात एका मतदाराचे एकच मत पडू शकत होते आणि ते पडलेले होते. आजीसारख्या हजारो बायकांनी हेच केले असेल, तर नुकसान मेहतांचे झाले, बाबासाहेबांचे एका मताचेही झाले नाही. हे गणित चौथीतल्या मुलाला समजेल, तरीही आपल्याकडे सत्तर वर्षे आपल्याच आया-आज्यांना दोष दिला गेला.

ठिकठिकाणी वाचायला मिळणारा ७४,३३३ बाद मतांचा आकडा आपणही प्रश्नात दिला आहे. बाबासाहेब आणि मेहता यांनी निकालाविरुद्ध मिळून निवडणूक याचिका केली होती, ती फेटाळली गेली. त्या याचिकेतली तक्रार फेडरेशनच्या मतदारांविषयी नव्हतीच. कम्युनिस्टांनी आपल्या मतदारांना दुसरे मत कुजवायला, म्हणजे जाणूनबुजून वाया घालवायला, सांगितले, असा तो आरोप होता. त्यात तर्क आहे, कारण दोन्ही कागद डांग्यांच्या पेटीत टाकणाऱ्या कामगाराचे दुसरे मत बाबासाहेबांना मिळू शकले असते. बाद मतांचा हिशेब करायचाच असेल तर तो इतर पेट्यांतल्या बाद मतांचा करावा लागतो, हत्तीच्या पेटीतल्या नव्हे.

माझ्या मते खरे कारण मेहता आणि बाबासाहेब यांच्यातल्या १६,१६५ मतांच्या फरकात आहे. युती होती, तर झाडाला मत देणाऱ्याने दुसरे हत्तीला द्यायला हवे होते. आमच्या चाळीत आप्पांनी डबे मांडून ‘एक झाडाला’ शिकवले. तिकडे सवर्ण मध्यमवर्गाच्या वस्त्यांत ‘एक हत्तीला’ तितक्याच कळकळीने कोणी शिकवले असेल, असे मला वाटत नाही. दोन वर्षांनी, १९५४ मध्ये, भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत हीच जोडी पुन्हा उभी राहिली. मेहता निवडून आले, बाबासाहेब पुन्हा पडले. त्या वेळी दुसरे मत कुजवावे असा कार्यकर्त्यांचा आग्रह होता आणि मी हरलो तरी चालेल पण ते करू नका असे बाबासाहेबांनी सांगितले, ही आठवण चळवळीत आजही सांगितली जाते.

मी हे सगळे एका वहीच्या पानावर मांडून आप्पांकडे घेऊन गेलो होतो. त्यांनी चष्मा लावून आकडे दोनदा वाचले, कागद उलटा करून ठेवला आणि म्हणाले, “तू तेव्हा नव्हतास.” त्यापुढे ते काही बोलले नाहीत. आता त्यांचा मुलगा दर १४ एप्रिलला कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटात तोच ‘आपल्याच अडाणी लोकांनी’ असा मजकूर टाकतो. आपल्या घरातही कोणी असे म्हणत असेल, तर त्याला एवढेच विचारा की, बाद झालेले ते दुसरे मत कोणाचे होते?

आता आपला मूळ प्रश्न. १९५७ मध्ये गिरणगावाचा मोठा भाग ‘मुंबई शहर मध्य’ या नव्या द्विसदस्य मतदारसंघात गेला आणि संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत तिथून डांगे आणि फेडरेशनचे गोपाळ काळूजी माने असे दोघेही निवडून आले. ‘मुंबई शहर उत्तर’ हे नाव मात्र उपनगरांकडे सरकले, तिथून व्ही. के. कृष्ण मेनन १९५७ मध्ये आणि १९६२ मध्ये आचार्य कृपलानींविरुद्ध निवडून आले. द्विसदस्य पद्धत १९६१ च्या कायद्याने बंद झाली. १९५७ मध्ये आंध्र प्रदेशातल्या पार्वतीपुरमला दोन्ही जागा अनुसूचित जमातींच्या उमेदवारांना मिळून व्ही. व्ही. गिरी (पुढे राष्ट्रपती झाले ते) पडले, तो वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि त्यानंतर या पद्धतीविरुद्ध ओरड वाढली. ती गेली हे योग्यच झाले. दोन मतांच्या पद्धतीत दलित उमेदवाराला मित्रपक्षाच्या मर्जीवर राहावे लागत होते.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती, ती आता सांगतो. मतदान गुप्त असते, त्यामुळे एकूण आकड्यांवरून कोणत्या वस्तीने कोणाला दुसरे मत दिले हे सिद्ध करता येत नाही. झाडाची मते हत्तीला आली नाहीत, हा माझा निष्कर्ष आहे, पुरावा नाही. शिवाय १९५२ मध्ये काँग्रेसचा जोर इतका होता की तिचे दोन्ही उमेदवार निवडून आले, हेही विसरून चालणार नाही. आजीच्या बाजूचे गणित मात्र निष्कर्षावर अवलंबून नाही, ते कायद्यातच आहे.

नायगाव आज वडाळा विधानसभेत आणि म्हणून मुंबई दक्षिण मध्य लोकसभा मतदारसंघात येते. मुंबईच्या सहापैकी एकही लोकसभा जागा आता राखीव नाही. आमची चाळ पुनर्विकासात गेली. घर रिकामे करताना आजीच्या पत्र्याच्या पेटीत आप्पांनी सरावाला दिलेल्या चिठ्ठ्यांपैकी दोन सापडल्या, वर्तमानपत्राच्या, पिवळ्या पडलेल्या, एकत्र घडी केलेल्या. त्या माझ्याकडे आहेत.