मंकी पॅच : माकड नव्हे, गनीम

प्रश्न असा आला : प्रोग्रॅम चालू असतानाच एखाद्या ऑब्जेक्टची (प्रोग्रॅममधल्या वस्तूची) मेथड (तिला नेमून दिलेले काम) बदलून टाकतात त्याला 'मंकी पॅचिंग' म्हणतात, तर मराठीत 'माकडठिगळ' म्हणावे का?

ठिगळ ठेवा, माकड सोडा. शब्दाची जी हकिकत सांगतात तिच्यात मुळात माकड नाहीच. 'झोप' नावाच्या, पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिलेल्या वेब-प्रणालीवर काम करणारी मंडळी मूळ कोडला हात न लावता गुपचूप केलेल्या अशा बदलाला 'गेरिला पॅच' म्हणत. इंग्रजी कानाला गेरिला आणि गोरिला जवळजवळ एकच. म्हणून गेरिलाचा गोरिला झाला आणि गोरिलाचे माकड. गेरिला हा स्पॅनिश शब्द, अर्थ 'लहान लढाई'. त्याला आपल्याकडे 'गनिमी' हा रुळलेला शब्द आहे. म्हणून 'गनिमी ठिगळ'.

'रफू' का नको? इथेही दुरुस्ती दिसत नाही, हे खरे. पण रफू त्याच कापडाची वीण पुन्हा जुळवतो. इथे जुन्या मेथडवर दुसरेच कापड चढते. शिवाय संगणकातला 'पॅच' खरोखरच ठिगळ होता : प्रोग्रॅम ज्या कागदी फितीवर छिद्रांनी लिहीत, तिच्यावरचे चुकलेले छिद्र वर तुकडा चिकटवून बुजवत.

ठिगळ कुठे लावले, हेही शब्दात यायला हवे. पायथन मेथड शोधताना साधारणपणे आधी त्या ऑब्जेक्टच्या स्वतःच्या गाठोड्यात पाहतो, मग क्लासमध्ये, म्हणजे ज्या साच्यावरून ऑब्जेक्ट तयार होतात त्यात. नवे फंक्शन (मेथडच्या जागी बसवायचा कोड) एका ऑब्जेक्टला चिकटवले तर तेवढाच बदलतो (आणि तिथे 'सेल्फ', म्हणजे तो ऑब्जेक्ट स्वतः, फंक्शनला आपोआप मिळत नाही, नवशिके इथेच अडतात). क्लासला लावले, तर आधी तयार झालेले ऑब्जेक्टही बदलतात. शिंप्याने कापड बेतण्याच्या कागदाला ठिगळ लावावे आणि गेल्या वर्षी शिवून नेलेल्या सदऱ्यांवर ते उमटावे, तसे! मी पहिल्याला 'सुटे ठिगळ' आणि दुसऱ्याला 'बेताचे ठिगळ' म्हणतो. रूबी या भाषेतही क्लास उघडून असेच करता येते. त्या ठिगळाला कुंपण घालण्यासाठी 2013 च्या रूबी 2.0 मध्ये 'रिफाइनमेंट' आले.

चाचणीपुरती मेथड बदलून, चाचणी संपताच मूळची परत बसवतात, त्याला मात्र ठिगळ म्हणू नये. पक्की शिवण घालण्याआधी आपण घालतो आणि मग ओढून काढतो, तो धावदोरा. तोच शब्द तिथे घ्यावा.