डिटेक्टिव्हच्या टेबलावरचे पहिले महिने

पॅट्रोलच्या गाडीतून उतरून डिटेक्टिव्हच्या टेबलावर आलास, अभिनंदन! अमेरिकेतल्या छोट्या काउंटीत (जिल्ह्यात) शेरीफकडे, म्हणजे तिथल्या पोलीसप्रमुखाकडे, माणसं मोजकीच, तेव्हा चोरीपासून खुनापर्यंत सगळं तुझ्यापर्यंत येईल. घाबरू नकोस. सुरुवातीला एवढं सांभाळ:

- नोंदी त्याच दिवशी लिही, आणि संशयिताच्या बाजूचं काही सापडलं तर तेही अहवालात घे. सुप्रीम कोर्टाच्या १९६३च्या ब्रेडी विरुद्ध मेरीलँड निकालापासून आरोपीला उपयोगी पडणारा महत्त्वाचा पुरावा सरकारी वकिलांनी बचाव पक्षाला द्यावाच लागतो. तो कागद तुझ्या खणात होता, वकिलांना ठाऊकच नव्हता, ही सबब चालत नाही. मी एकदा शेजारणीचा जबाब 'किरकोळ' म्हणून बाजूला ठेवला होता. उलटतपासणीत घाम फुटला.
- फोन जप्त केलास म्हणून लगेच उघडू नकोस. त्याच कोर्टाच्या २०१४च्या रायली निकालानुसार अटकेत मिळालेला फोन तपासायलाही सहसा वॉरंट लागतं. वॉरंटचा अर्ज नीट लिहायला शिक. निम्मं काम तेच आहे.
- माणूस ताब्यात असेल आणि चौकशी करायची असेल तर मिरांडा हक्क (गप्प राहण्याचा आणि वकील मिळण्याचा हक्क) आधी वाचून दाखव. 'सहज गप्पा मारत होतो' हे नको.

नवखे सगळ्यात जास्त फसतात ते पहिल्याच संशयिताला धरून बसल्यामुळे. मोबाइल टॉवर, डीएनए वगैरे सध्या जुन्या सहकाऱ्यांवर सोड. डिस्ट्रिक्ट अॅटर्नीच्या, म्हणजे सरकारी वकिलांच्या, ऑफिसात मात्र फेरी मार. ती मंडळी अटकेआधीचे प्रश्न आनंदाने ऐकतात, नंतरचे कपाळाला आठ्या घालून.