बोटांसारख्या खोडांचा, झुबक्याने वाढणारा कॅक्टस मॅमिलेरिया इलाँगाटाच आहे हे कशावरून ओळखायचं?

तुमचे प्रश्न दोन: पिवळ्या काट्यांचा हा झुबका मॅमिलेरिया इलाँगाटाच आहे का, आणि बुडाशी खोड तपकिरी पडलंय ते कुजतंय का.

ओळख पटवताना काट्यांच्या रंगावर जाऊ नका. मध्य मेक्सिकोतल्या या जातीत पांढुरक्या, सोनेरी ते तांबूस तपकिरी काट्यांचीही झाडं असतात. भिंग घेऊन एकच खोड बघा. ते साधारण १ ते ३ सेंमी जाड हवं. त्यावर उभ्या धारा नसतात. शंकूसारखे बारीक उंचवटे मळसूत्राच्या तिरक्या ओळींत बसलेले असतात. प्रत्येकाच्या टोकाला अरिओल, म्हणजे काट्यांची गादी. तिच्यातून १४ ते २५ काटे चांदणीसारखे पसरून किंचित मागे वळतात, म्हणून हात फिरवला तरी फारसे टोचत नाहीत. मधला काटा बहुधा नसतोच.

उभ्या धारा दिसल्या तर तो पीनट कॅक्टस; त्याची फुलं मोठी, शेंदरी-लाल. काटे पांढरे आणि नुसता हात लागला तरी पिल्लं, म्हणजे खोडाला फुटलेली छोटी खोडं, गळत असतील, तर मॅमिलेरिया ग्रासिलिसची शक्यता जास्त. इलाँगाटाची पिल्लं बुडाशी फुटतात आणि बऱ्यापैकी घट्ट धरून राहतात. फूल फिकट पिवळं, जेमतेम सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरचं. ते काट्यांच्या गादीतून येत नाही, दोन उंचवट्यांमधल्या बेचक्यातून येतं. ही खूण मला सगळ्यात भरवशाची वाटते, पण त्यासाठी फुलायची वाट पाहावी लागते.

आता बुडाचा तपकिरीपणा. लाकडी काडीने दाबून पाहा. कडक, कोरडं असेल आणि रंग जमिनीलगत सुरू होऊन वर्षानुवर्षं हळूहळू चढत असेल, तर ते वयाने आलेलं बूच, म्हणजे कडक झालेली साल आहे. काही करू नका. काडी आत रुतली, ओल लागली किंवा काही दिवसांतच डाग वर सरकला, तर कूज. मग खोड डागाच्या वर कापा आणि कापात एकही तपकिरी ठिपका उरणार नाही इतकं वर जा. सुरी दर कापानंतर स्पिरिटने पुसा, नाहीतर कूज तिच्याबरोबरच वर जाते. निरोगी तुकडा सावलीत ७ ते १० दिवस सुकवून भरड, कोरड्या माती-मिश्रणात उभा करा आणि मुळं धरेपर्यंत पाणी जवळजवळ देऊच नका.

लांब खोडं आडवी लोळतात, तो या जातीचा स्वभावच. शेंडा मात्र पेन्सिलीसारखा निमुळता होऊन काटे विरळ पडले असतील तर उजेड कमी पडतोय. कुंडी एकदम कडक उन्हात नेऊ नका, दोन-तीन आठवड्यांत टप्प्याटप्प्याने सरकवा. बारीक झालेला भाग पुन्हा जाड होत नाही; पुढची वाढ तेवढी सुधारते.