इंग्लंडमध्ये रस्त्याकडेच्या रानफळांची जेली घरी करता येते का? माझी ब्लॅकबेरीची जेली सरबतासारखी पातळ राहिली. जिलेटिन घालू का?

जिलेटिन नको. पाकिटातली थरथरणारी जेली वेगळी. ही आपल्या पेरूच्या जेलीच्या जातीची. ती घट्ट होते फळातल्याच पेक्टिनमुळे, म्हणजे रस बांधून धरणाऱ्या नैसर्गिक घटकामुळे, आणि त्याला आंबटपणा व भरपूर साखर यांची जोड लागते. साखर तुम्ही घातलीच असणार. कमी पडलं ते पेक्टिन. ब्लॅकबेरीत ते मुळातच बेताचं असतं, आणि फळ जास्त पिकलं की आणखी घटतं.

यावरचा उपाय बहुतेक ब्लॅकबेरीच्याच झुडपी कुंपणात सापडतो: क्रॅब ॲपल. सुपारीहून मोठी, लिंबाहून लहान, तोंडात धरवणार नाहीत इतकी आंबट-तुरट सफरचंदं. ऑक्टोबरात झाडाखाली सडा पडलेला असतो आणि कुणी ढुंकून बघत नाही. त्यांच्यात पेक्टिन आणि आम्ल दोन्ही भरपूर. ब्लॅकबेरी असो, एल्डरबेरी (एल्डर झाडाची बारीक काळी फळं) असो की रोझहिप (रानगुलाबाचं फळ), मी वजनाने निम्मी क्रॅब ॲपलच घालतो.

सफरचंदं धुऊन दोन तुकडे करा, किडका भाग तेवढा काढा. साल आणि गाभा राहू द्या, पेक्टिन तिथेच जास्त असतं. सगळी फळं जेमतेम बुडतील एवढं पाणी घालून मंद आचेवर पार गळेपर्यंत शिजवा. अर्धा-पाऊण तास लागतो. मग दुहेरी मलमलच्या फडक्यात घालून चक्क्याला दही टांगतो तसं रात्रभर टांगून ठेवा. फक्त पिळू नका. हात शिवशिवतात, चार थेंब जास्त मिळतीलही, पण जेली गढूळ होते. काचेसारखी आरपार दिसणारी लाल जेली हवी असेल तर सकाळपर्यंत धीर धरायचा.

रसात पेक्टिन पुरेसं आहे का हे साखर घालण्याआधीच कळतं. चमचाभर थंड रसात तीन चमचे मेथिलेटेड स्पिरिट घालून हलकेच फिरवा. मिनिटभराने एकसंध गोळा जमला तर उत्तम. नुसत्या चिंध्या दिसल्या तर क्रॅब ॲपलचा रस वाढवा. ते मिश्रण विषारी असतं, चाखू नका, फेकून द्या.

लिटरभर रसाला ७५० ते ८०० ग्रॅम साखर. ती मंद आचेवर पूर्ण विरघळू द्या आणि मगच आच मोठी करा. पातेलं रुंद आणि खोल घ्या, कारण हे प्रकरण उतू जायला टपलेलं असतं. थर्मामीटरवर १०५ अंश सेल्सिअस आले की झालं. (घाटावरून वाचणाऱ्यांनी हा आकडा पाठ करू नये. महाबळेश्वरला पाणीच ९५-९६ अंशांना उकळतं. पाण्याच्या उकळबिंदूपेक्षा साडेचार-पाच अंश जास्त, एवढं धरा.) थर्मामीटर नसेल तर फ्रीजरमध्ये गार केलेल्या बशीवर थेंब टाकायचा आणि मिनिटभराने बोटाने ढकलायचा. सुरकुती पडली की गॅस बंद. तारेच्या पाकाची सवय इथे कामाची नाही. फार वेळ उकळलं तर पेक्टिन मोडतं आणि चिकट काकवी हाती येते.

तुमची पातळ राहिलेली जेली टाकू नका. तिच्यात निम्मा क्रॅब ॲपलचा रस घाला, साखर फक्त नव्या रसापुरती घाला आणि पुन्हा उकळा.

तोडण्याबद्दल दोन गोष्टी. इंग्लंड-वेल्समध्ये १९६८च्या थेफ्ट ॲक्टनुसार रानात आपोआप उगवलेल्या झाडाची फळं विकण्यासाठी नव्हे, तर घरी खाण्यासाठी तोडणं चोरी ठरत नाही. मात्र त्यासाठी कुणाच्या आवारात शिरण्याची मुभा मिळत नाही. आणि ओळख पटल्याशिवाय कुठल्याही लाल फळाला हात लावू नका. हॉथॉर्न या काटेरी झुडपाच्याच कुंपणावर ब्लॅक ब्रायनीचा वेल चढलेला असतो, त्याची लालचुटुक फळं विषारी असतात. एल्डरबेरीही कच्ची खाऊ नका. देठ काढूनच शिजवा. रोझहिपच्या आतली बारीक लव घशाला खाजते, म्हणून तो रस दोनदा गाळा.

गरम जेली ओव्हनमध्ये तापवलेल्या बरण्यांत लगेच भरून झाकण लावा. न उघडलेली बरणी अंधाऱ्या कपाटात वर्षभर आरामात टिकते; उघडली की फ्रीजमध्ये.