गोल चट्टा, पण गजकर्णच का?

प्रश्न : मांडीवर गोल, खाजरा चट्टा आहे. औषध देण्याआधी डॉक्टरांनी तिथली त्वचा खरवडून घेतली. नुसतं बघून गजकर्ण ओळखता येत नाही का?

उत्तर : पुष्कळदा येतं. कड उंचावलेली, लालसर, खपल्यांची आणि मधला भाग निवळत चाललेला असेल तर गजकर्णाचीच, म्हणजे त्वचेवरच्या बुरशीच्या संसर्गाची, शक्यता मोठी. पण नाण्याएवढा गोल इसब किंवा सोरायसिसही असाच दिसू शकतो. इसबाला स्टेरॉइडचं मलम चालतं; गजकर्णावर तेच लावलं तर लाली आणि खाज दबते, बुरशी मात्र पसरत राहते. मग कड इतकी पुसट होते की अनुभवी डोळाही चकतो. म्हणून तुमच्या डॉक्टरांनी औषधाआधी खरवड घेतली हे फार चांगलं केलं.

खरवड घ्यायची ती कडेवरून. मधल्या निवळलेल्या भागात बुरशी सापडणं अवघड असतं. आधी स्पिरिटने पुसून मलम-पावडर काढतात, नाहीतर तेलाचे थेंब आणि पावडरीचे कण सूक्ष्मदर्शकाखाली गोंधळ घालतात. खपल्या स्लाइडवर घेऊन 10 टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा एक थेंब टाकायचा, कव्हर स्लिप ठेवायची आणि 10 ते 20 मिनिटं थांबायचं. तेवढ्यात त्वचेच्या पेशी विरघळत जाऊन पारदर्शक होतात, बुरशीचे तंतू टिकून राहतात. घाईने स्लाइड उकळेपर्यंत तापवली तर क्षाराचे स्फटिक पडतात. बघताना कंडेन्सर (सूक्ष्मदर्शकातलं, स्लाइडवर प्रकाश एकवटणारं भिंग) खाली घेऊन प्रकाश कमी करावा. झगझगीत उजेडात हे रंगहीन तंतू दिसतच नाहीत.

फसवणूक होते ती पेशींच्या कडांवर दिसणाऱ्या जाळीमुळे. ती पेशींच्या सीमा धरूनच चालते. खरा तंतू सीमा ओलांडून जातो, त्याची जाडी बरीचशी सारखी असते, मध्ये आडवे पडदे असतात आणि त्याला फांद्या फुटतात. कपड्याचा धागाही चकवतो, पण त्यात पडदे नसतात.

प्रश्न : आठवडाभर बुरशीचं मलम लावून मग तपासणी केली, ती निगेटिव्ह आली. म्हणजे बुरशी नाही ना?

उत्तर : असं म्हणता येणार नाही. मलमाने वरच्या थरातली बुरशी कमी झालेली असू शकते. डॉक्टरांना विचारून मलम साधारण दोन आठवडे बंद ठेवावं आणि कडेवरून पुन्हा खरवड द्यावी. शंका उरलीच तर कल्चर करतात, म्हणजे नमुन्यातली बुरशी प्रयोगशाळेत वाढवून बघतात. त्याला चार आठवड्यांपर्यंत वेळ लागू शकतो.

प्रश्न : पायाच्या अंगठ्याचं नख पिवळं, जाड झालंय. थेट गोळ्या सुरू कराव्यात का?

उत्तर : तपासणीशिवाय नकोत. असं नख सोरायसिसनेही होतं आणि बुटाच्या सततच्या दाबानेही. पायाच्या नखासाठी टर्बिनाफिन हे बुरशीविरोधी औषध साधारण 12 आठवडे घ्यावं लागतं आणि ते यकृतावर परिणाम करू शकतं. नमुना नखाच्या टोकाचा नको. सुटलेलं नख कापून, निरोगी भागाच्या जवळची, नखाखालची भुकटी घ्यायला सांगा. नखासाठी पोटॅशियम हायड्रॉक्साइड जास्त तीव्र, 20 ते 40 टक्के लागतं आणि वेळही जास्त. तरी काही दिसलं नाही, तर नखाचा तुकडा पीएएस या, बुरशी रंगवून दाखवणाऱ्या रंगद्रव्याने तपासतात. आधी नजरेतून निसटलेली बुरशी त्यात पुष्कळदा सापडते.