बदकासारखा आवाज येतोय म्हणून रेडिओ कुणाला उघडू देऊ नका

भाऊ, तुमची पोस्ट वाचली आणि नऊ-दहा वर्षांपूर्वीचा मीच आठवलो. नवा पोर्टेबल शॉर्टवेव्ह रेडिओ, ४० मीटरच्या पट्ट्यात (७ मेगाहर्ट्झच्या आसपास) हॅम लोकांचा, म्हणजे परवाना घेऊन हौसेने रेडिओवर बोलणाऱ्यांचा, आवाज बदकासारखा, जुळवला की दोन मिनिटांत सरकतो, मागे सतत घरघर, आणि शेवटी तुमचाच प्रश्न : परत करू की दुरुस्तीला देऊ? दुरुस्तीला तर मुळीच देऊ नका. का ते सांगतो, लांबेल थोडं.

एलएसबी-यूएसबीचं तुम्हाला माहीत असेलच : हॅमचं बोलणं मूळ लहरीच्या खालच्या (एलएसबी) किंवा वरच्या (यूएसबी, चार्जरचं ते नव्हे) एकाच बाजूने येतं आणि रेडिओ त्याच बाजूला लावावा लागतो. बदक अर्ध्या वेळा तिथेच असतं, किंवा ट्यूनिंग १ किलोहर्ट्झच्या पायरीवर थांबल्यामुळे. शंभर हर्ट्झ इकडेतिकडे झाले तरी माणसाचा आवाज बदलतो, त्यामुळे बारीक ट्यूनिंग लागतंच. आणि संच चालू केल्यावर पंधरा-वीस मिनिटं त्याच्याच नादाला सोडा. आपल्याकडे मे महिन्यात गच्चीवर उन्हात ठेवलेला रेडिओ सरकणार नाही तर काय करणार! असो.

माझी चूक पुढची. घरघर रेडिओतच आहे असं मी ठरवून टाकलं आणि शहरातल्या एका दुकानात संच दिला. नाव घेत नाही, घेऊन उपयोग नाही. काउंटरवरचा म्हणाला, "शॉर्टवेव्ह कोण ऐकायलंय आता? स्टेशनंच बंद झाल्यात." अडीच महिने ठेवला. फोन केला की "पार्ट येणार आहे". कुठला पार्ट, ते शेवटपर्यंत कळलं नाही. परत आला तेव्हा कॉइलच्या गाभ्यांवरचं, जुळणी हलू नये म्हणून लावलेलं मेण फुटलेलं. "सिग्नल वीक होता, वाढवून दिलाय." म्हणजे स्क्रू ड्रायव्हर घेऊन गाभे अंदाजाने फिरवलेले! माझा जुन्या पद्धतीचा, बीएफओला (एलएसबी-यूएसबीचं बोलणं उमजावं म्हणून रेडिओ स्वतः जी लहर मिसळतो ती) वेगळं बटण असलेला संच. आधी बटण मधोमध असताना आवाज जुळायचा, आता एलएसबी एका टोकाला गेली आणि यूएसबी टोकाला नेऊनही जुळेना. आवाजही पातळ, नाकातून आल्यासारखा. वर बाराशे रुपये. चिडलो, भांडलो, "गॅरंटी नसते साहेब" ऐकून औशाला परत आलो.

आणि घरघर? ती जशीच्या तशी.

उलगडा पुढे पावसाळ्यात झाला. रात्री आठला लाइट गेली, घर इन्व्हर्टरवर, घरघर उलट वाढली. अकराच्या सुमाराला इन्व्हर्टरची बॅटरीही बसली आणि सेलवर चालणारा रेडिओ एकदम शांत. इतका शांत की बंद पडला असं वाटलं. बटण टोकाला नेलं तर कुणीतरी अँटेनाच्या उंचीबद्दल बोलत होतं. गुन्हेगार, म्हणजे इन्व्हर्टर, माझ्याच जिन्याखाली बसला होता आणि मी शिक्षा रेडिओला दिली होती. पुढे हैदराबादच्या एका हॅम मित्राने संच नीट जुळवून दिला, पण पहिल्यासारखा झाला असं म्हणवत नाही.

तेव्हा आधी संच सेलवर घ्या, फक्त त्याच्या अंगची अँटेना उघडा आणि गावाबाहेर शेतात जा. सौरपंप चालू असेल तर त्याच्या कंट्रोलरपासूनही लांब. तोही दिवसभर रेडिओत फडफडतो. सकाळी सात ते नऊ ७.० ते ७.२ मेगाहर्ट्झमध्ये फिरा, एलएसबीवर. तिथे आवाज स्वच्छ आला तर रेडिओ निर्दोष. मी खात्रीसाठी मुंबईचा विमानांच्या हवामानाचा वोल्मेट, ६६७६ किलोहर्ट्झ यूएसबी, लावून बघायचो. फ्रिक्वेन्सी ठरलेली, त्यामुळे संच किती सरकतो ते लगेच कळतं. शेतातही बदकच आलं, तर मग बिनधास्त परत करा.

वायरीचंही सांगतो, कारण तुम्ही वीस मीटर तार जोडलीय म्हणता. माझं मत, मान्य नसेल तर सोडून द्या : छोट्या संचाला ती जास्त आहे. ७.२ च्या वर संध्याकाळी ब्रॉडकास्टवाले गरजतात, आणि लांब तारेने तेच हॅमच्या पट्ट्यात भूत होऊन उतरतात. पाच-सहा मीटर पुष्कळ. गेन (सिग्नल किती वाढवायचा ते) कमी करायचा स्विच असेल तर तो लोकलवर टाकून बघा. आवाज बारीक होईल पण उमजेल. आणि वळवाचं आभाळ भरून आलं की तार काढून बाहेर फेका. एका मित्राच्या रेडिओतला अँटेनाकडचा पहिला ट्रान्झिस्टर असाच गेला, वीज त्याच्या घरावर पडलीही नव्हती.

मी इंजिनिअर नाही, हॅमही नाही, नुसता ऐकणारा. तुमच्या मॉडेलला बीएफओचं बटण नाही, डीएसपी आहे (सिग्नलवरचं काम चिप आकड्यांत करते), तेव्हा माझं थोडं इकडंतिकडं असू शकतं. पण तुम्ही टाकलेल्या फोटोत रेडिओला मोबाइलचा चार्जर लावलेला दिसतोय. शेतात जायच्या आधी तेवढा काढा आणि परत ऐकून बघा.