बिलिंग सॉफ्टवेअर मधेच अडकतं आणि आपोआप सुरू होतं, रॅम वाढवू का?

तुम्ही लिहिलंय की होलसेलच्या दुकानात पाच कॉम्प्युटर आहेत, डेटा सर्व्हरवर एसक्यूएल एक्सप्रेस या मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेसमध्ये आहे आणि दिवसातून तीन-चारदा बिलिंग दोन-दोन मिनिटं अडकतं. सॉफ्टवेअरवाले म्हणतात रॅम वाढवा.

आत्ता घेऊ नका. एक्सप्रेस ही एसक्यूएल सर्व्हरची फुकटची आवृत्ती. २०१९ ची धरली तर डेटा मेमरीत ठेवायला ती १४१० एमबीच्या वर जातच नाही. सर्व्हरला ३२ जीबी लावली तरी तिला त्याचं काय! शिवाय रॅम कमी पडली तर मशीन बहुधा दिवसभर रडतं. छान चालता चालता दोनच मिनिटं थिजण्यामागे बहुतेक वेळा कोणीतरी कोणाची तरी वाट बघत असतं.

काउंटरवर एक वही ठेवा. अडकलं की वेळ लिहायची आणि बाकीच्यांना ओरडून विचारायचं, "तुझं चालतंय का रे?" एकच मशीन अडकत असेल तर तिचा डिफॉल्ट प्रिंटर बघा. नेटवर्कवरचा प्रिंटर बंद असला की काही सॉफ्टवेअर त्याच्या उत्तरासाठी ताटकळतात. एक दिवस पीडीएफवाला प्रिंटर डिफॉल्ट करून पाहा. रोज ठरावीक वेळेलाच अडकत असेल तर बॅकअप कितीला लावलाय ते बघा.

सगळी मशीन एकदम अडकत असतील तर माझा अनुभव ऐका. मी एका हार्डवेअरच्या होलसेलरकडे हिशेब बघायचो. तिथे आम्ही नेटवर्कचा स्विच बदलला, केबली बदलल्या, डेटाचं फोल्डर अँटिव्हायरसमधून वगळलं. फरक शून्य. शेवटी ओळखीतल्या एका मुलाने सर्व्हरवर मॅनेजमेंट स्टुडिओ, म्हणजे डेटाबेसच्या आत डोकावायचं सॉफ्टवेअर, उघडून ठेवला आणि अडकल्याबरोबर 'एसपी हू टू' (sp_who2) ही कमांड चालवली. त्यात 'ब्लॉक बाय' (BlkBy) असा रकाना असतो, कोण कोणामुळे थांबलंय ते सांगणारा. चार ओळींत एकाच कनेक्शनचा नंबर: ५७. आणि ५७ स्वतः कोणामुळेच अडकलेला नव्हता. त्याच्यापुढे मशीनचं नाव होतं काउंटर दोनचं.

जाऊन बघतो तर खुर्ची रिकामी, स्क्रीनवर चौकट: 'पार्टीची क्रेडिट लिमिट संपली आहे. पुढे जायचं?' काउंटरवरचा पोरगा हेच विचारायला शेठकडे गोडाऊनला गेला होता. सॉफ्टवेअर आधी बिल सेव्ह करायला घ्यायचं, स्टॉकच्या नोंदी लॉक करायचं आणि मग मधेच हा प्रश्न विचारायचं. उत्तर मिळेपर्यंत लॉक सुटत नसे, बाकीचे रांगेत. शेठ फोनवर असले की पाच मिनिटांची निश्चिंती.

कंपनीने आधी कानांवर हात ठेवले. स्क्रीनचा फोटो पाठवल्यावर पुढच्या अपडेटमध्ये तो प्रश्न सेव्हच्या आधी आला. तोवर आम्ही ती सूचना बंद ठेवून थकबाकीदारांची यादी काउंटरला चिकटवली होती. पार्टीला स्वतःचं नाव दिसू नये म्हणून आतल्या बाजूने.

आणि हो, अडकल्यावर लगेच सर्व्हर रिस्टार्ट करू नका. अर्धवट बिलं रद्द होतात आणि कोणी अडवलं होतं तेही पुसलं जातं. आधी त्या रकान्याचा फोटो काढा.